रंग नव्हताच, मग गेला कसा?

संपादकांची चिठ्ठी आली. गणपती अंकासाठी नोकरीतल्या चार गोड आठवणी लिहून पाठवा म्हणे. गोड हवं असेल तर साखर कारखान्यातल्या माणसाला विचारा. मी आमच्या बेटावरच्या व्हाकोआ गावात, एका खासगी कोलेजात, म्हणजे माध्यमिक शाळेत, रसायनाच्या लॅबमध्ये जन्म काढला. माझ्या कपाटांत ॲसिड होतं, अमोनिया होता, नाकातून थेट डोक्यात जाणारं ब्रोमीन होतं. चिठ्ठीच्या तळाशी आणखी एक ओळ होती. याच अंकात आमच्या निवृत्त रेक्टरसाहेबांवर, म्हणजे कोलेजच्या मुख्याध्यापकांवर, गौरवलेख येतोय, तर त्यांच्याबद्दलही दोन चांगले शब्द लिहावेत. ती ओळ वाचली आणि माझं डोकं सणकलं.

बायको म्हणाली, "आज लिहू नका, रागात आहात."

मी म्हटलं, "राग उतरायची वाट बघण्यात आठ वर्षं गेली. आता रागातच लिहितो."

माझी मराठी घरात ऐकलेली आणि बैठकेत, म्हणजे आपल्या लोकांच्या संध्याकाळच्या शाळेत, शिकलेली आहे. मधेच इथली क्रिओल बोली घुसते. संपादकांनी ऱ्हस्व-दीर्घ खुशाल सुधारावं, मजकुराला मात्र हात लावू नये.

आधी काम काय ते सांगतो, कारण लॅब असिस्टंट म्हणजे बाटल्या धुणारा असं आपल्यातल्या पुष्कळांना वाटतं. माझ्या सासऱ्यांना ते मरेपर्यंत वाटत होतं. मास्तर फळ्यावर लिहितो की अमुक केलं की तमुक होतं. ते खरोखर होईल याची व्यवस्था मी करायची. द्रावणं मी बनवायची, नळ्या मी वाकवायच्या, व्हाकोआच्या त्या कायमच्या दमट हवेत सुटून पडणारी लेबलं मी पुन्हा चिकटवायची. प्रयोग जमला तर मास्तर हुशार, फसला तर बाळाराम आळशी. बाळाराम म्हणजे मी.

सगळ्या प्रयोगांत माझा हातखंडा अल्कीनचा. जे रसायन कधी शिकले नाहीत त्यांनी असं समजावं, की कार्बनला चार हात असतात. बहुतेक ठिकाणी तो शेजारच्या कार्बनला एका हाताने धरतो. अल्कीनमध्ये मात्र दोन कार्बन एकमेकांना दोन-दोन हातांनी धरून बसलेले असतात. सगळ्यात लहान अल्कीन म्हणजे एथीन. पिकलेल्या केळ्यातून जो वायू सुटतो आणि बाजूची कच्ची केळी पिकवतो, तोच हा.

एथीन करायचं तर अल्कोहोलच्या रेणूतून पाण्याचा एक रेणू काढून घ्यायचा. त्याच्या वाटा दोन. एक म्हणजे अल्कोहोल जळजळीत गंधकाम्लात मिसळून एकशे सत्तर डिग्रीपर्यंत तापवायचं. यात घाई लागते. एकशे चाळीसला रेंगाळलात तर एथीनऐवजी ईथर निघतं आणि सगळा वर्ग पेंगायला लागतो. दुसरी वाट सोपी. नळीच्या बुडाशी अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस ठेवायचा, मधे खापराचे तुकडे ठेवून ते लालभडक तापवायचे. अल्कोहोलची वाफ त्या खापरांवरून गेली की पाणी सुटतं आणि एथीन बाहेर पडतं. पुस्तकात चिनी मातीचे खास तुकडे लिहिलेले असत. मी दिवाळी झाली की पोरांना सांगायचो, घरातल्या फुटक्या पणत्या आणा. हिंदूंची पोरं आणायचीच, मुसलमान आणि क्रिओल ख्रिस्ती पोरंसुद्धा शेजाऱ्यांकडून मागून आणायची. माझ्याकडे वर्षभर पुरेल इतका पणत्यांचा डबा भरलेला असे. त्या खापरांवर जितकं एथीन निघालं तितकं विलायती तुकड्यांवर कधी निघालं नाही.

यात एक मेख आहे. नळीचं दुसरं टोक पाण्यात बुडवलेलं असतं, म्हणजे वायू बुडबुड्यांनी वर येऊन बाटलीत जमा होतो. प्रयोग संपल्यावर आधी ते टोक पाण्यातून काढायचं, मग ज्योत विझवायची. उलटं केलंत तर नळी गार होते, पाणी आत ओढलं जातं, आणि तापलेल्या काचेला लागलं की नळीचे तुकडे. हे मी दर वर्षी दर वर्गाला सांगितलं. दर वर्षी कोणीतरी उलटं केलं.

जमलेला वायू खरंच अल्कीन आहे का, ते ओळखायला ब्रोमीनचं पाणी. ब्रोमीन पाण्यात विरघळलं की नारिंगी-तपकिरी रंग येतो. अल्कीन त्यात हलवलं की एकमेकांना धरलेला एकेक हात सुटतो, तो ब्रोमीनला पकडतो, आणि रंग डोळ्यांदेखत नाहीसा होतो. दुसरी चाचणी पोटॅशियम परमँगनेटची, त्यात जांभळा रंग जातो. मी हे शेकडो वेळा पाहिलंय. आजही दिसलं तर थांबून बघेन.

आता रेक्टर. घरी आपल्यासारखंच मराठी बोलणारा माणूस, कोलेजात मात्र फ्रेंच, आणि माझ्याशी क्रिओल. त्यांचं आवडतं वाक्य एकच, "मेत देलो." म्हणजे पाणी घाल. सत्तरच्या दशकात शिक्षण फुकट झालं आणि जिथे वीस पोरं होती तिथे साठ आली. कोलेज तेवढंच, लॅब तेवढीच, बाटल्या तेवढ्याच. ॲसिड पुरत नाही म्हणून सांगायला गेलो की रेक्टर म्हणत, "मेत देलो, बाळाराम." सिल्व्हर नायट्रेट संपत आलं, मेत देलो. एकदा अल्कोहोलमध्येही घालायला लावलं. अरे, ज्या प्रयोगात अल्कोहोलमधून पाणी काढायचं, त्याच्यातच पाणी ओतायचं? मी ओतलं. पस्तीस पोरं कोरड्या नळीकडे डोळे लावून बसली आणि दोन बुडबुडे आले.

त्याच महिन्यात अबकारी खात्याचा एक साहेब आला होता. शुद्ध अल्कोहोल आमच्याकडे किती येतं आणि कुठे जातं हे बघायला. त्याला वाटे, आम्ही सगळे संध्याकाळी ते पितो. त्याने बाटलीचा वास घेतला, चव घेतली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मिस्ये, तुमच्या कोलेजात चोरी होणं शक्यच नाही. हे कोण पिणार?" पोरं हसली, मीही हसलो. तेव्हा हसू येत होतं.

असं करत करत मला त्या पाणी घालण्याची सवय झाली. हे मला कबूल करायचं आहे. पहिल्यांदा घातलं तेव्हा रेक्टरना दोनदा विचारून घेतलं होतं. पुढे रेक्टरनी सांगायच्या आधीच मी नळ सोडायचो.

ज्या वर्षाबद्दल लिहायचं आहे, त्या वर्षी शेवटच्या वर्गात इंदू नावाची मुलगी होती. विमानतळाजवळच्या प्लेन मान्येन गावची. वडील गोविंदभाऊ, उसाच्या मळ्यात कामाला. ती व्हाकोआला मावशीकडे राहून शिकायची. आपली मराठी पोरगी, पण वर्गात सगळ्यांसारखी क्रिओलच बोलायची, फक्त माझ्याशी हळूच मराठी, तेही 'सर'ऐवजी 'मिस्ये' म्हणत. तिची एक गोष्ट मला आवडायची. बाकीची पोरं नळीत काय झालं हे बघायच्या आधी पुस्तक उघडायची. ही आधी नळीकडे बघायची. एकदा मी विचारलं, "पुस्तकात काय लिहिलंय ते वाचलंस का?" तर म्हणाली, "नंतर वाचते मिस्ये, आधी वाचलं की तेच दिसतं." सतरा वर्षांची पोर हे बोलते. आमच्या रसायनाच्या मास्तरला ते कधी सुचलं नाही.

रसायनाचा मास्तर म्हणजे वसंत, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याला कोलेजात लावताना रेक्टरकडे शब्द मीच टाकला होता. हे लक्षात ठेवा.

गोविंदभाऊंची सगळी आशा त्या परीक्षेवर होती. भारतात डॉक्टरकीला जायची सरकारी जागा मिळण्यासाठी रसायनात वरचा ग्रेड लागत होता. ते दर रविवारी आमच्या बैठकेत यायचे तेव्हा मला विचारायचे, "बाळारामभाऊ, पोर कशी आहे?" मी सांगायचो, "तुमच्या पोरीला अडवणारा अजून जन्मला नाही." हे शब्द माझे आहेत, जसेच्या तसे.

विलायतेहून प्रॅक्टिकलच्या परीक्षेची सूचनापत्रं काही आठवडे आधी पाकीटबंद येतात. त्यात कोणतं द्रावण किती बनवायचं हे लिहिलेलं असतं आणि ते मास्तर आणि लॅब असिस्टंटशिवाय कोणी बघायचं नसतं. त्या वर्षी एक बिनरंगी द्रव मुलांनी ओळखायचा होता. ते होतं सायक्लोहेक्सीन, म्हणजे अल्कीनच. ब्रोमीन पाणी ताजं बनवा, असं स्वच्छ लिहिलं होतं.

ब्रोमीन काचेच्या बंद नळीत येतं, आणि आमच्याकडे एकच नळी उरली होती. महिनाभर आधी मंत्रालयातून पाहुणे आले, त्यांना काहीतरी दाखवायचं म्हणून रेक्टरनी ती फोडायला लावली. मी म्हटलं, "साहेब, ही परीक्षेची आहे." म्हणाले, "अर्धी वापर, अर्धी ठेव." मी पणत्यांच्या खापरांवर एथीन काढलं, भल्यामोठ्या बरणीतल्या ब्रोमीन पाण्यात सोडलं, रंग गेला, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. उरलेल्या ब्रोमीनचं पाणी करून मी तपकिरी बाटलीत ठेवलं. तिचं काचेचं झाकण रेक्टरनी पाहुण्यांना दाखवायला हातात घेतलं आणि फरशीवर पाडलं. तसल्या झाकणांचं असं असतं की ते त्याच बाटलीला घासून बसवलेलं असतं, दुसरं चालत नाही. मी नवी बाटली मागितली. रेक्टर म्हणाले, "नंतर बघू."

मी बुचाचं झाकण लावलं आणि वर मेण ओतलं. ही चूक माझी. ब्रोमीन बूच खातं. हे मला माहीत होतं, मला माहीत असायचा पगार मिळत होता. महिनाभर ते आत बूच खात राहिलं, फटीतून उडून जात राहिलं, आणि बाटली तपकिरी असल्यामुळे बाहेरून काही कळलं नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी रेक्टर आले, म्हणाले, मुलं जास्त आहेत, एकाच्या दोन बाटल्या कर. मी आत न बघता पाणी घातलं. वाक्य त्यांनी पूर्ण करायच्या आत घातलं.

परीक्षेच्या सकाळी लहान बिनरंगी काचेच्या बाटल्यांत ओतायला घेतलं आणि पहिलीच बाटली घेऊन खिडकीपाशी गेलो. खिडकीच्या उजेडात धरलं तर लिंबाच्या सालीसारख्या पुसट पिवळ्या छटेचा नुसता भास. टेबलावर ठेवलं तर निव्वळ पाणी.

वसंतला बाजूला घेतलं, बाटली दाखवली. त्याने बघितली आणि खांदे उडवले.

"भावजी, पोरांना उत्तर पाठ आहे. सगळे लिहितील नारिंगी रंग गेला. त्याचेच मार्क आहेत."

"पण इथे नारिंगी आहे कुठे?"

"विलायतेत बसलेला माणूस आपली बाटली बघायला येणार आहे का? तुम्ही उगाच गाजावाजा करू नका. बूच कोणी लावलं ते निघेल, मग मला तुम्हाला वाचवता येणार नाही."

परीक्षेच्या कागदांत मास्तरसाठी एक पान असतं. मुलांनी करायचे तेच प्रयोग, त्याच बाटल्यांतून, मास्तरने स्वतः करायचे आणि काय दिसलं ते लिहायचं. म्हणजे रसायनात दोष असला तर तपासणाऱ्याला कळतं आणि मुलांवर अन्याय होत नाही. मुलांच्या रक्षणासाठीच ते पान आहे. वसंतने ते पान टेबलावर घेतलं आणि टेस्टट्यूबला हातही न लावता लिहून टाकलं, नारिंगी रंग नाहीसा झाला. मी समोर उभा होतो.

परीक्षा सुरू झाली. मी कोपऱ्यात उभा राहून बघत होतो. पोरं एकामागून एक बिनरंगी द्रव बिनरंगी पाण्यात ओतत होती, हलवत होती आणि न थबकता लिहीत होती. एकाच्याही कपाळावर आठी नाही. इतकी वर्षं आम्ही काय शिकवलं हे मला त्या अर्ध्या तासात दिसलं. मला त्या पोरांचा राग आला, मग वसंतचा, मग माझा, आणि त्या क्रमाने येणं हेसुद्धा मला आता लाजिरवाणं वाटतं.

इंदूने ओतलं, हलवलं, आणि थांबली. पुन्हा केलं. नळी खिडकीकडे धरली. तिसऱ्यांदा जास्त ब्रोमीन पाणी घेऊन केलं. मग हात वर केला.

"मिस्ये, हे द्रावण बदलून मिळेल का? याला रंग नाही."

वसंत तिच्या टेबलाजवळ गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पुस्तक नीट वाचलं असतंस तर रंग दिसला असता. बाकीच्यांना दिसतोय."

तिने माझ्याकडे बघितलं. मी फडका घेऊन टेबल पुसायला लागलो. टेबल स्वच्छ होतं.

ती पाच वेळा तीच चाचणी करत बसली. आपलंच काही चुकतंय असं तिला वाटायला लागलं होतं, नळी धुवून धुवून घेत होती. शेवटी परमँगनेटची चाचणी केली, ती बरोबर आली, आणि घड्याळ बघते तर वेळ संपत आलेला. दुसरा प्रश्न टायट्रेशनचा होता. त्याची एकच फेरी झाली, हिशोब अर्धा राहिला. घंटा झाली तेव्हा तिच्या हातातून ब्युरेटची तोटी सुटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोविंदभाऊ पोरीला घेऊन आले. मळ्यावरचा दिवस बुडवून, इस्त्रीचा शर्ट घालून. परीक्षेत काही बिघाड झाला तर कोलेजने ठरावीक दिवसांत विलायतेला पत्र लिहायचं असतं, हे इंदूला ठाऊक होतं. तिने रेक्टरना न अडखळता सांगितलं, "मी पेपरात लिहिलंय की द्रावणाला सुरुवातीपासून रंग नव्हता, म्हणून रंग गेला असं मला म्हणता येत नाही. तुम्ही फक्त एवढं कळवा की ते खरं आहे."

रेक्टरनी मला बोलावलं. गोविंदभाऊ खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. वसंत खिडकीपाशी उभा होता.

"बाळाराम, कालचं ब्रोमीन पाणी कसं होतं?"

गोविंदभाऊ मधेच बोलले, "साहेब, हे सांगतील ते मला मान्य. हे आमच्या बैठकेतले आहेत, खोटं बोलणार नाहीत."

माझ्या डोक्यात बूच होतं. वसंत होता, त्याची नुकती झालेली सोयरीक होती, घरी बायको होती. नोकरी होती. ही कारणं मी सांगतोय, सबब म्हणून नव्हे. तुमच्या लेखी मी भित्रा ठरतोय तर तसं ठरवा, बरोबर आहे ते.

मी म्हणालो, "ठीक होतं साहेब."

गोविंदभाऊ उठले. पोरीकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "बघ, लक्ष नव्हतं तुझं." तिने माझ्याकडे दुसऱ्यांदा बघितलं नाही.

पत्र गेलं नाही. निकालात इंदूचा ग्रेड एका पायरीने कमी आला आणि जागा गेली. बाकी सगळे पास. कोलेजच्या फाटकावर निकालाचा फलक लागला, रेक्टरनी भाषण केलं, मला भर सभेत शाल मिळाली. ती शाल बायकोने दोनदा अंथरली आणि तिसऱ्यांदा मी ती कपाटावर फेकून दिली. गोविंदभाऊ पुढे आमच्या बैठकेत यायचे थांबले. प्लेन मान्येनहून येणं जमत नाही, असं कोणीतरी म्हणालं.

तीन वर्षांपूर्वी भाच्याला विमानात बसवून परत येताना मी प्लेन मान्येनच्या बसथांब्यावर उभा होतो. जवळच्या स्वेटरच्या कारखान्याची पाळी सुटली आणि बायकांचा लोंढा आला. त्यात इंदू. मी तोंड फिरवायच्या आत तिने हाक मारली, "काका."

ती कारखान्याच्या रंगखात्यात काम करत होती. रंगवलेलं सूत विलायतेच्या नमुन्याशी जुळतं की नाही हे बघणं तिचं काम. ती नाही म्हणाली की पूर्ण घाणा परत टाकीत जातो आणि साहेबसुद्धा वाद घालत नाही. हे ती अभिमानाने सांगत होती, मला टोचावं म्हणून नाही. टोचलं ते मला टोचलं.

बस दिसायला लागली तेव्हा म्हणाली, "काका, एक विचारू? त्या सकाळी तुम्ही खिडकीत बाटली धरून बघत होतात. मी व्हरांड्यातून पाहिलं होतं. तुम्हाला रंग दिसला होता का?"

"नाही," मी म्हणालो. पाच वर्षांत पहिल्यांदा.

"मग तेवढं लिहून द्या. मला कुठे दाखवायचं नाही, त्या परीक्षेला आता कोण विचारतं. बाबांना दाखवायचंय. ते अजून पाहुण्यांना सांगतात, पोर हुशार होती, पण ऐन वेळी तिचं ध्यान नव्हतं. मी सांगितलं तर म्हणतात, बाळारामभाऊ कशाला खोटं बोलतील."

मी हो म्हणालो. बसमध्ये बसलो, घरी आलो, कागद काढला आणि परत ठेवला. रेक्टर अजून खुर्चीत होते. वसंतचा नंबर वरच्या जागेसाठी लागला होता. माझं पेन्शन जवळ आलं होतं. असे तीन वर्षं कागद काढले आणि ठेवले. मला कोणाचा राग जास्त आहे, असं बायको विचारते. रेक्टरनी पाण्यात बुडवलं ते कोलेज. मी ज्याला बुडवलं ते माणूस होतं, आणि माझ्याकडे त्याचं नावगाव होतं.

आता रेक्टरांवर गौरवलेख येतोय. येऊ दे. वसंत हे वाचून आमच्या घरी येणं सोडेल, बायको रडेल, तेही मी धरून चाललोय. माझी संपादकांना एकच विनंती. हा अंक प्लेन मान्येनला गोविंदभाऊंच्या घरी पोचवा. त्यांचे डोळे आता अधू झालेत असं ऐकतो, तेव्हा इंदूला म्हणावं, वाचून दाखव. आणि इथून पुढचं सावकाश वाच.

गोविंदभाऊ, मी बाळाराम. परीक्षेच्या सकाळी ब्रोमीन पाण्याला रंग नव्हता. बूच मी लावलं होतं, पाणी मी घातलं होतं, आणि रेक्टरच्या खोलीत तुमच्यासमोर मी खोटं बोललो. त्या दिवशी त्या लॅबमध्ये एकाच मुलीचं ध्यान जागेवर होतं. तिने जे पाहिलं तेच लिहिलं. तुमच्या मुलीने बरोबर लिहिलं होतं.